अंगठी निघेना तेव्हा

सप्टेंबरातला रविवार. पाम बीच रोडवर वाशी ते बेलापूर, तिथून परत आणि वर थोडं, असे २८ किलोमीटर पावणेचार तासांत धावून झाले. आमच्या धावण्याच्या ग्रुपची पाण्याची गाडी जिथे दिसेल तिथे मी प्यायले, सगळं साधं पाणी. शेवटी डोकं जड, पोटात पाणी डुचमळतंय आणि बोटं इतकी सुजलेली की अंगठी निघेना. "पाणी कमी पडलंय, पी गं अजून," सगळे म्हणाले. मी प्यायले. नेरूळला घरी पोचताच उलटी झाली. वजनकाट्यावर उभी राहिले, तर सकाळचे ५८.४ किलो आता ५९.१ झालेले! पावणेचार तास घाम गाळून वजन वाढलं होतं.

आमच्या डॉक्टरांनी काट्यावरचा आकडा ऐकला आणि म्हणाले, "घामापेक्षा जास्त प्यालात तुम्ही." लांब धावताना शरीर पाणी धरून ठेवतं, लघवी कमी होते. त्यावर साधं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम विरळ होतं. ते लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली फार उतरलं तर मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम उतरलेलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. इतकी वर्षं आम्ही नव्या मुलींना "भरपूर पाणी प्या" एवढंच सांगत आलो होतो.

मग मोजायला लागले. धावण्याआधी वजन, तासभर धावून आल्यावर अंग कोरडं पुसून पुन्हा वजन. जितकं घटलं त्यात वाटेत प्यायलेलं मिळवायचं, तो तासाचा घाम. ऑक्टोबर हीटमध्ये ८०० ग्रॅम घटलं, ३०० मिली प्यायले होते, म्हणजे १.१ लिटर. डिसेंबरच्या पहाटे तोच आकडा जेमतेम ७०० मिली. सगळा घाम भरून काढायचा नसतो, थोडं वजन घटलेलंच बरं. म्हणून थंडीत तासाला अर्धा लिटर ठरवलं, तेही तहान लागेल तसं. काळ्या टोपीच्या कडेला घामातल्या मिठाची पांढरी रेघ उमटायची, म्हणून पाण्याऐवजी ओआरएस. लिटरची पुडी अख्ख्या लिटरमध्येच घालायची. छोट्या बाटलीत पुडी रिकामी करणारे खूप पाहिले, दाट पाण्याने पोट बिघडतं.

पण ओआरएसने पोट भरत नाही, लिटरमागे त्यात १३.५ ग्रॅमच ग्लुकोज. लांब पल्ल्याला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. चिक्की करून पाहिली, कोरड्या घशात अडकली. एनर्जी जेल मला गिळवेना. शेवटी जमले ते मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि बिया काढलेले खजूर. छोट्या पिशवीत शंभर ग्रॅम बटाट्याच्या फोडी, दोन खजूर, सोबत अर्धा लिटर ओआरएस, की तासाचे साधारण चाळीस ग्रॅम होतात. दर वीस मिनिटांनी थोडं, भूक लागायची वाट न बघता. पोटालाही याची सवय लागते, त्याला मला सहा रविवार लागले. आणि धावण्याआधी दुखण्याची गोळी घ्यायची जुनी सवय डॉक्टरांनी बंद करायला लावली, मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, म्हणजे संक्रांतीच्या मागोमाग. आधीचे दोन दिवस उसळी, कोबी बंद. वरणभात, दहीभात, केळी आणि सासूबाईंच्या हातच्या गुळपोळ्या, तूप जरा कमी. "एवढं कशाला खातेस गं," म्हणत त्या वाढत होत्या.

परतीच्या पेडर रोडच्या चढावर पाय भरून आले, पण डोकं स्वच्छ होतं. पिशवीत शेवटची बटाट्याची फोड होती, ती चढ संपताना खाल्ली. सीएसएमटीजवळ रेषा ओलांडली आणि आधी हाताकडे पाहिलं. अंगठी बोटात सहज फिरत होती.