रिकाम्या घरातला दिवा

मे महिन्यात त्या घरात तेरा माणसं होती. फेब्रुवारीत एक. दोन्ही वेळा मोजणारा मीच.

२०११ ची जनगणना. मी तेव्हा संगमेश्वर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर होतो आणि शिक्षक म्हणजे प्रगणक हे ओघानेच आलं. घरयादी २०१० च्या मे-जूनमध्ये झाली. प्रत्यक्ष माणसं मोजायची ती ९ ते २८ फेब्रुवारी २०११, आणि पुढे १ ते ५ मार्च फेरतपासणी.

प्रशिक्षणात सांगितलं, गटाचा नजरी नकाशा काढा, वायव्य कोपऱ्यातून क्रमांक घालायला सुरुवात करा आणि आग्नेयेला संपवा. हे लिहिणाऱ्याने कोकणातलं गाव पाहिलेलं नसावं. आमचं गाव म्हणजे सात वाड्या. एक सड्यावर म्हणजे वरच्या कातळपठारावर, दोन उतारावर, तीन पऱ्याच्या (ओढ्याच्या) अलीकडे-पलीकडे आणि धनगरवाडा पार डोंगरात. वायव्येकडून निघालो तर दुसऱ्याच घराला साकव ओलांडायचा, चौथ्याला पाखाडीच्या पायऱ्या चढायच्या. मी सरळ वाडीवार क्रमांक घातले आणि पर्यवेक्षकांनी हुज्जत न घालता सही केली. ते स्वतः राजापूरकडचे, त्यांना सांगावं लागलं नाही. तो नकाशा मात्र माझ्या हातून देखणा उतरला होता. पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण, पऱ्या, विहिरी, पालखी टेकवायची सहाण, देऊळ. त्याची झेरॉक्स अजून माझ्या कपाटात आहे.

घरयादीत एक प्रश्न भिंतीच्या सामानाचा होता आणि एक छपराचा. कौलं हातची की यंत्राची, हेसुद्धा विचारायचं. सुरुवातीला सांगितलं ते तेरा माणसांचं घर एका म्हातारीचं. त्याची भिंत चिऱ्याची, मागच्या पडवीवर हातची नळीची कौलं, पुढे मंगलोरी. मोठं सात खणी घर. मे महिना असल्यामुळे चारही मुलगे बायकापोरांसह आलेले, आंबे काढणं चाललेलं, अंगणात मुंबईची पोरं क्रिकेट खेळत होती. चूल एकच होती, म्हणून कुटुंब एक. पण राहतात किती, असं विचारल्यावर थोरला म्हणाला, “राहायला आईच. आम्ही काय, पंधरा दिवसांचे.”

फेब्रुवारीत मी कुटुंबपत्रक घेऊन गेलो तेव्हा म्हातारी एकटी, नाचणी पाखडत बसली होती. एकोणतीस प्रश्न, पुढे यंत्राने वाचायचं म्हणून प्रत्येक अंक चौकटीत नीट कोरायचा. तिचं नाव लिहिलं, वय अंदाजाने लावलं (पानशेत फुटल्याची बातमी, गांधींचा खून असले टप्पे विचारत वय काढायचं हे प्रत्येक प्रगणकाला येतं). मग तिने विचारलं, “आता पोरांची घाला. चार हायत.”

“आजी, ती मुंबईला मोजली जातील.”

“घरपट्टी कोन भरतो? रेशनकार्डावर कोनाची नावं हायत? आनी तू म्हणतोस मानसं मुंबयची!”

नियम असा की नेहमी इथे राहणारा माणूस ९ ते २८ फेब्रुवारीच्या मुदतीत थोडे दिवस तरी इथे असेल तरच लिहायचा. पूर्ण मुदत बाहेर असेल तर जिथे असेल तिथे. म्हातारीला हे पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्या बाजूने बोलायला बरंच होतं. तिचा नवरा गिरणीत, १९८२ च्या संपात नोकरी गेल्यावर परत आला, पण तोवर मुलं मुंबईत रुजली. इथलं जगणं पाहिलं तर दुसरं होणार काय? वर कातळाचा सडा, खाली अरुंद खाचरं, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, पण भाताचं एक पीक निघालं की पुढे माळ कोरडा. मनीऑर्डर हेच आमचं दुसरं पीक. पूर्वी बोटीने जायचे, मग एसटीने, १९९८ पासून कोकण रेल्वेने.

शेवटी तिने अंगठा दिला. पुरुष शून्य, स्त्रिया एक. शेजारच्या चार घरांना कुलूप होतं. त्यातल्या दोन घरांच्या किल्ल्या तिच्याकडेच, रोज संध्याकाळी त्यांच्या देवाजवळ दिवा लावायला ती जायची. माझ्या कागदावर ती घरं ‘रिकामी’.

घोळ झाला तो २ मार्चला. फेरतपासणीत फक्त १ मार्चच्या शून्य वाजेपर्यंतचे, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपर्यंतचे जन्म-मृत्यू, नवी कुटुंबं पाहायची. त्या दिवशी महाशिवरात्र होती आणि म्हातारीचा धाकटा रात्रीच्या गाडीने आलेला. मला बघताच ओटीवरून म्हणाला, “गुरुजी, माझं नाव कुठेच नाही.”

तो एका छापखान्यात कामाला, झोपायचा तिथेच पोटमाळ्यावर. भावांकडे जागा नाही. भावांची नावं लागली, त्याचं त्यांनी सांगितलं नाही, कारण तो तिथे राहत नव्हता. छापखान्यात कोणी विचारायला आलं नाही. प्रगणकाने बाहेरून कारखाना बघून पुढे पाऊल टाकलं असणार. मीही कदाचित तेच केलं असतं. मी विचारलं, “नऊ ते अठ्ठावीसमध्ये एखादा दिवस तरी गावी होतास?” तो खरं बोलला. नव्हतो म्हणाला.

पर्यवेक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, “सर, मुंबईचं मुंबई बघेल.”

मी नाव लिहिलं नाही. नियमाने बरोबर वागलो. पुढे शासनानेच केलेल्या पडताळणीत हजारी २३ माणसं मोजणीतून सुटल्याचं निघालं, तेव्हा मला त्या ओटीवरचा तो धाकटाच आठवला.

आकडे आले. रत्नागिरी जिल्हा २००१ ला १६,९६,७७७ होता, तो २०११ ला १६,१५,०६९ झाला. सिंधुदुर्गही घटला. राज्यात आणखी एकच जिल्हा घटला, तो मुंबई शहर! आमची माणसं परळ-लालबागच्या खोल्या विकून नालासोपारा, डोंबिवलीला सरकली आणि ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर गेला. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, राज्यात सर्वांत जास्त. यावर एका कार्यक्रमात पाहुण्यांनी कोकणी माणूस लेकीला कसा जपतो याचं भाषण ठोकलं आणि टाळ्याही पडल्या. शून्य ते सहा वयाच्या मुलांत तोच आकडा हजाराच्या खाली आहे, हे कोणी बघितलं नाही. पुरुष मुंबईला गेलेत, साहेब, बाकी काही नाही.

त्या वर्षी शिमगा १९ मार्चला होता. मोजणी तीन आठवडे पुढे असती तर पालखीमागे नाचणारी सगळी गर्दी माझ्या पत्रकात आली असती. आता पुन्हा जनगणना होते आहे, मोबाइलवर. लोकसंख्येचा क्षण २०२७ चा १ मार्च, आणि शिमगा पुन्हा त्याच्या नंतरच. या वेळी प्रगणक माझी एक विद्यार्थिनी असेल, मी निवृत्त.

म्हातारी २०१४ ला गेली. त्याआधी एकदा शाळेच्या वाटेवर तिने मला थांबवलं होतं. “गुर्जी, माज्या धाकट्याला घातलंत ना तुमच्या वहीत?”

“घातलं, आजी.”

“मग झालं,” म्हणाली, आणि पदरातले दोन रातांबे माझ्या हातावर ठेवले.