काळ्या मातीत आग थांबली की

आपल्या इंदूरची काळी माती उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात चपलेला सोडत नाही. तिच्यात पांढरे चुनखडे सापडतात. त्यावर लिंबू पिळलं की बारीक फेस येतो. कॉलेजात शिकवताना हा प्रयोग मी हमखास करून दाखवायचे. त्यामुळे डॅलसहून पुतणीचा फोन आला, "काकू, इथली माती अगदी आपल्यासारखी आहे गं, आणि लोक तिच्यावरच्या गवताला मुद्दाम आग लावतात!" तेव्हा मी बोलतच सुटले.

ती टेक्ससची ब्लॅकलँड प्रेअरी, म्हणजे काळ्या मातीवरचं गवताळ माळरान. माती तशीच फुगणारी, आकसणारी; फक्त आपली बेसॉल्टपासून झाली, तिथली चुनखडकापासून. बहुतेक सगळी नांगराखाली गेली. क्लायमर मेडोसारखे थोडे तुकडे उरलेत.

तिथे आग बंद झाली की रेडसीडर नावाचं सदाहरित झाड घुसतं. पक्षी त्याची निळी फळं खाऊन कुंपणाच्या तारेवर बसतात, म्हणून रोपं आधी कुंपणालगत ओळीनं दिसतात. चुन्याची माती त्याला मानवते. पण त्याला बुंध्यापासून पुन्हा फूट येत नाही. लहानपणी एकदा होरपळला की संपला. डॉगवुड आणि सुमाक ही झुडपं मात्र चिवट. वरून जळून कोळसा झाले तरी जमिनीखालून परत फुटतात.

कॅन्ससच्या चुनखडकी टेकड्यांवर कोन्झा प्रेअरी आहे. तिथे 1970च्या दशकापासून काही पाणलोट दरवर्षी जाळतात, काही 4 वर्षांनी, काही तर 20 वर्षांनी. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. दरवर्षी जाळलं तिथे गवत टिकलं. 4 वर्षांची फुरसत मिळाली तिथे डॉगवुडची बेटं पसरली. बेट मध्ये उंच, कडेला बुटकं, कारण जुनी खोडं मध्ये असतात आणि नवे कोंब बाहेर सरकत जातात. आत सावलीनं गवत मरतं. गवत नाही म्हणजे जळण नाही, मग आग कडेलाच विझते. एकदा हे झालं की पुन्हा दरवर्षी जाळायला लागलं तरी ते बेट सहजी हटत नाही.

"मग कापून नाही का चालणार?" पुतणीनं विचारलं. बऱ्याच अंशी चालतं. टेक्ससमधले कितीतरी तुकडे वाचले ते शेतकरी दरवर्षी वैरणीसाठी गवत कापत राहिले म्हणूनच.

म्हणून तिथलं पाहून माळव्यातली गवताची बिडं, म्हणजे राखलेली कुरणं, कुणी पेटवू नयेत. आपल्याकडे हे काम विळा आणि गुरं करत आलीत. रतलामजवळ सैलान्याला तणमोर या गवताळ रानातल्या पक्ष्यासाठी 1983 साली अभयारण्य झालं. पावसाळ्यात नर गवताच्या वर उड्या मारून मादीला दिसतो, त्याला मोकळं गवतच हवं. अशा जागेला ओसाड म्हणून रोपं लावायला खड्डे खणले जातात तेव्हा माझा जीव तुटतो. वृक्षारोपणाला मीही जाते, पण तिथे आधी काय उगवत होतं ते विचारून.