पाच किलो इंद्रायणी

पाचव्या महिन्याच्या तपासणीला गेलो होतो. बायकोचं वजन झालं, ती आत गेली आणि मी रिकामटेकडा म्हणून सहज त्याच काट्यावर उभा राहिलो. 86! उंची पाच फूट सात इंच. गेल्या तीन महिन्यांत तिचं वजन तीन किलोंनी वाढलं होतं आणि माझं चार. तिच्याकडे निदान कारण तरी होतं.

माझं कारण म्हणजे तिचे डोहाळे. रात्री साडेदहाला तिला मस्तानी हवी व्हायची. मी स्कूटर काढून जायचो, घेऊन यायचो, ती दोन चमचे खाऊन "बास, मळमळतंय" म्हणायची. अन्न टाकायचं नाही ही आमच्या घरची शिकवण. उरलेली मस्तानी कुठे जात असेल, ते काटा सांगतच होता.

तिच्या तब्येतीची काळजी घ्यायला अख्खी सोसायटी होती. फॉलिक ॲसिड दिवस जायच्या आधीपासून सुरू होतं, मग लोह, कॅल्शियम, रोज अर्धा तास चालणं. मला मात्र एकच प्रश्न यायचा, "काय, पेढे की बर्फी?" बापाच्या शरीराचा या प्रकरणाशी काही संबंध आहे, असं कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही. तसे प्रयत्न झाले होते म्हणा. जिमची वर्षाची फी भरून मी नऊ दिवस गेलो होतो. वडिलांना मधुमेह आहे. भारतीय पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी हे वाचून टेप लावली, 99 भरली, आणि टेप पुन्हा शिवणाच्या डब्यात ठेवून दिली.

मग एका रविवारी भाच्याला घेऊन पर्वतीवर गेलो. पायऱ्या 103. भाचा तीन वर्षांचा, वजन 14 किलो. चाळिसाव्या पायरीला तो म्हणाला, "मामा, उचल." उचलला. साठीच्या आसपास मी कठड्याला टेकलो, मग बसलोच. अशा वेळी माणसाला काहीतरी थोर सुचतं म्हणतात. मला फक्त तहान लागली होती. शेजारून पांढरे बूट घातलेले एक आजोबा तिसऱ्यांदा वर निघाले होते. "दमानं घ्या," ते म्हणाले, "पायऱ्या कुठे पळून जात नाहीत." भाच्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि अगदी मनापासून विचारलं, "मामा, आता मी तुला उचलू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पर्वतीच्या पायथ्याशी होतो. याला प्रेरणा म्हणायचं की लाज, ते ठरवत बसलो नाही. गंमत म्हणजे, नंतर हिशेब केला तेव्हा धीर आला. बाळ जन्मतः तीनेक किलोचं असतं, पाच महिन्यांत दुप्पट होतं, वर्षात तिप्पट. म्हणजे 14 किलो कुणी एकदम हातात देत नाही. रोज थोडं थोडं वाढवत नेतात. कुठल्याही जिमवाल्याने मला इतकं समजूतदार वेळापत्रक दिलं नव्हतं. आता फक्त पहिल्या तीन किलोंची तयारी करायची होती, तीही रात्री दोन वाजता, झोपेत, आणि दर दोन-तीन तासांनी.

आठ आठवडे झाले. सकाळची मंडळी ओळखीची झाली आहेत. एक काकू फेऱ्या मोजायला मुठीत खडे ठेवतात, आजोबा अजूनही माझ्या पुढेच असतात. काटा 84 वर हटून बसला आहे, पण पट्टा एक भोक आत गेलाय आणि साठावी पायरी कुठली ते हल्ली कळतही नाही. मस्तानीचं मी खोटं बोलणार नाही. अर्धी अजूनही माझीच असते.

काल वाण्याकडून पाच किलो इंद्रायणी तांदूळ घेतला. लिफ्ट बंद होती. पूर्वी वॉचमनला हाक मारली असती; काल पिशवी खांद्यावर टाकली आणि चार मजले चढलो. धापही फारशी लागली नाही, त्यामुळे स्वतःवर खूश होऊन दारात उभा राहिलो. बायकोने दार उघडलं आणि ती हसायलाच लागली. तेव्हा लक्षात आलं, माझा एक हात पिशवीच्या बुडाखाली होता आणि दुसऱ्या हाताने मी पिशवीला हळूहळू थोपटत होतो.

"ढेकर आला का तांदळाला?" तिने विचारलं.