रक्तात औषध किती उरलंय? इन्फ्लिक्सिमॅबची तपासणी सुरू करतानाचा माझा अनुभव

क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्यांच्या जुनाट सुजेच्या आजारांच्या पेशंटला इन्फ्लिक्सिमॅब हे औषध सलाईनमधून देतात. पहिल्या डोसनंतर दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात, मग दर ८ आठवड्यांनी. आधी छान गुण येतो आणि काही महिन्यांनी जुलाब, रक्त पुन्हा सुरू होतं. औषध रक्तात टिकत नाहीये, की टिकूनही उपयोग होत नाहीये, हे डॉक्टरांना तेव्हा कळायला हवं असतं. नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या लॅबमधून असे नमुने बाहेरगावी जायचे. ते इथेच करायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

तपासणीचं पहिलं किट ऐन मे महिन्यात आलं. २ ते ८ अंशांत राहायला हवं होतं. आइस पॅकचं पार कोमट पाणी झालेलं. मी ते उघडलंच नाही, परत पाठवलं. नागपूरच्या उन्हात डेटा लॉगरशिवाय (वाटेतलं तापमान नोंदवणाऱ्या यंत्राशिवाय) आलेलं किट घेऊच नये, या मताची मी आजही आहे.

किटमधल्या प्लेटच्या ९६ खळग्यांच्या तळाशी टीएनएफ-अल्फा, म्हणजे हे औषध ज्याला पकडतं ते सूज वाढवणारं प्रथिन, चिकटवलेलं असतं. सिरममधलं (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातलं) औषध त्याला धरून बसतं, बाकी सगळं धुऊन जातं. मग एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी आणि शेवटी टीएमबी हे रंग देणारं रसायन टाकलं की निळा रंग चढतो. औषध जास्त, तितका रंग गडद. आम्ल टाकताच तो पिवळा होतो आणि रीडर ४५० नॅनोमीटरला वाचतो. एसीच्या झोताखाली प्लेट ठेवली की कडेच्या खळग्यांचे आकडे वेगळे यायचे. झाकण लावून ती कोपऱ्यात ठेवायला लागलो, तेव्हा कंट्रोल, म्हणजे आधीच पातळी माहीत असलेले नमुने, जागेवर आले.

खरी लढाई रक्त घेण्याच्या वेळेची होती. नमुना पुढच्या डोसच्या अगदी आधी हवा.

"ताई, पेशंटची सलाईन सुरू होऊन राहिली, रक्त नंतर घेतलं तर चालते ना?"

"नाही दादा, आधी सुई थांबवा!"

सलाईननंतरचा आकडा भरमसाट येतो आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. म्हणून औषधाचं नाव आणि मागच्या डोसची तारीख लिहिल्याशिवाय आम्ही नमुना घेत नाही.

आजार उसळलेला असेल तर ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त पातळी हवी, असं अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशनने २०१७ मध्ये सुचवलं. पातळी कमी आली की शरीराने औषधाविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडीही बघतो. त्या नसतील तर डॉक्टर डोस वाढवतात किंवा अंतर कमी करतात. भरपूर असतील तर डोस वाढवून फारसं हाती लागत नाही, बहुधा औषधच बदलावं लागतं. एवढ्या महागड्या औषधात हा फरक घरच्यांसाठी फार मोठा असतो.

दोन कंपन्यांच्या किटचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. त्यामुळे रिपोर्टवर किटचं नाव छापतो, आणि पेशंटची पुढची तपासणीही त्याच किटवर करायला सांगतो.