बडोद्याची क्यूसी आणि तिकडचा स्पेक्ट्रोस्कोपीचा वर्ग

सुट्टीत घरी आले की लग्नाचा प्रश्न येतोच, तो मी ऐकून सोडून देते. यंदा मात्र दुसराच प्रश्न जास्त वेळा आला. दांडिया बाजारातले एक काका, बाबांचे जुने मित्र, सगळी नोकरी औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात काढलेली. चहा संपवून म्हणाले, "मॉलिक्युलर स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे आयआर, यूव्ही आणि फार तर रामन, इतकंच ना गं? ते तर आम्ही ऐंशी सालापासून करत होतो. त्याच्यासाठी अमेरिका गाठायची?"

मॉलिक्युलर स्पेक्ट्रोस्कोपी म्हणजे रेणूवर प्रकाश टाकून तो कसा शोषला किंवा विखुरला जातो यावरून रेणू ओळखणं: आयआर अवरक्त प्रकाशाने, यूव्ही अतिनील प्रकाशाने, रामन विखुरलेल्या प्रकाशावरून. प्रश्न रास्त आहे आणि तो फक्त काकांचा नाही. बडोद्यात मराठी घर घ्या, कोणी ना कोणी फार्मात, रिफायनरीत, नाहीतर खताच्या कारखान्यात असतंच. हे गाव केमिस्टांचं झालं त्यात आपल्या माणसांचाही हात आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली आणि रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती सोपवली. पुढे १९०७ मध्ये अलेम्बिक ही कंपनी उभी राहिली तेव्हा गज्जर आणि अमीन यांच्या जोडीला कोटिभास्कर होते. अशा गावात "मी आयआर शिकायला परदेशी गेले" म्हणणं म्हणजे हसं करून घेणंच. म्हणून जरा सविस्तर लिहिते. खास करून इथल्या क्यूसीतल्या त्या मुलामुलींसाठी, जे सध्या जीआरई (अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची परीक्षा) द्यावी की नको या विचारात आहेत.

इथे क्यूसीत काही वर्षं नोकरी करून मी आता अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात ॲनालिटिकल केमिस्ट्रीत पीएचडी करते आहे. गाव लहान, थंडी मोठी, प्राध्यापकांना नावाने हाक मारायची. हे शेवटचं मला अजून जमत नाही, मी शक्यतो "एक्सक्यूज मी" वर निभावते. मॉलिक्युलर स्पेक्ट्रोस्कोपीचा कोर्स आमच्याकडे पहिल्या वर्षीच घ्यावा लागतो.

पहिल्या तासाला बाईंनी फळ्यावर तीन रेणू लिहिले: नायट्रोजन, ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड. यातलं आयआरमध्ये कोण दिसेल आणि का? उत्तर आम्हाला सगळ्यांना येत होतं. कंपन होताना द्विध्रुव, म्हणजे रेणूतल्या धन-ऋण भाराची विभागणी, बदलला पाहिजे, दोन सारख्या अणूंच्या रेणूत तो बदलतच नाही, म्हणून कोरड्या हवेतला ९९ टक्के भाग आयआरला दिसत नाही. इथवर बीएस्सी. मग बाई म्हणाल्या, कार्बन डायऑक्साइडची कंपनं किती, त्यातली दिसणारी कोणती आणि दिसणाऱ्यांचे आकार कसे असतील ते काढून दाखवा. आकार? पीकला, म्हणजे आलेखातल्या उंचवट्याला, आकार असतो हे मला माहीत होतं. तो आधी कागदावर काढता येतो हे नव्हतं.

तुमच्यापैकी ज्यांनी एफटीआयआरवर, म्हणजे आजच्या आयआर यंत्रावर, काम केलंय त्यांना २३५० वेव्हनंबरच्या (एका सेंटीमीटरमध्ये मावणाऱ्या लाटांच्या) आसपासचं ते दोन शेंड्यांचं पीक चांगलंच ओळखीचं असेल. सॅम्पल ठेवताना आपण चेंबरवर वाकतो, आपला श्वास आत जातो आणि ते वर डोकं काढतं. आमच्या लॅबमध्ये त्याला एकच औषध होतं: "बॅकग्राउंड परत घे." त्या पीकला दोन शेंडे का, हे नोकरीच्या सगळ्या वर्षांत कोणी विचारलं नाही. तिकडे त्यावर अख्खा तास गेला. रेणू नुसता कंप पावत नाही, तो फिरतही असतो. त्या विशिष्ट कंपनात फिरण्याची पातळी एकाने वाढली किंवा कमी झाली तरच शोषण होतं, तशीच राहिली तर नाही. म्हणून मध्ये खाच आणि दोन्ही बाजूंना उंचवटे. पण त्याच रेणूचं वाकण्याचं कंपन ६६७ ला आहे, तिथे पातळी न बदलताही शोषण चालतं, म्हणून मधोमध टोकदार सुई उभी राहते. आणि दोन्ही ऑक्सिजन एकदम बाहेर, एकदम आत जाण्याचं जे कंपन आहे ते आयआरमध्ये अजिबात नाही, ते रामनमध्ये शोधायचं. हे सगळं यंत्र चालू न करता, फक्त रेणूच्या सममितीवरून. ज्या पीकला मी इतकी वर्षं कचरा समजून काढत होते, त्याच्याकडे एवढं सांगायला होतं.

पुढच्या प्रॅक्टिकलला हायड्रोजन क्लोराइड होता. काचेच्या नळीत थोडा वायू, रेझोल्यूशन वाढवलेलं, आणि पडद्यावर २८८६ च्या दोन्ही अंगांना पसरलेला सरळ कंगवा, मधला एक दात गळालेला. जवळून बघितलं तर प्रत्येक दात जोडीचा: मोठा क्लोरीन-३५ चा, त्याच्याहून जरा कमी वेव्हनंबरला धाकटा क्लोरीन-३७ चा, उंची साधारण तीनास एक, म्हणजे निसर्गात ते ज्या प्रमाणात सापडतात तशीच. दातांमधल्या अंतरावरून रेणूतल्या बंधाची लांबी काढायची. १.२७ अँगस्ट्रॉमच्या जवळ आली. मी वहीत आकडा लिहिला आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. दोन अणूंमधलं अंतर, आणि ते मी पट्टीने मोजल्यासारखं एका आलेखावरून काढलं होतं.

काकांना द्यायचं उत्तर हेच आहे. क्यूसीत स्पेक्ट्रम (यंत्राने काढलेला आलेख) स्टँडर्डशी जुळवायचा असतो. जुळला की "कम्प्लाइज", सही, तारीख, पुढची बॅच. ॲस्पिरिनचंच घ्या. १७५० आणि १६९० च्या आसपास दोन पीक दिसली पाहिजेत एवढं मला पाठ होतं. दोन का? कारण रेणूत कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) दोन आहेत, एक एस्टरचा, दुसरा आम्लाचा. आम्लाचा खाली का? कारण स्फटिकात दोन रेणू हायड्रोजन बंधाने समोरासमोर बांधलेले असतात, त्या ओढीने कार्बोनिलचा बंध जरा सैल पडतो आणि कंपन मंदावतं. या कोर्सचा सगळा रोख असा: आधी सांग काय दिसेल, मग मोज, आणि न जुळल्यास यंत्राला दोष देण्याआधी स्वतःचं गणित तपास. आपल्याकडे एमएस्सीला फंक्शनल ग्रुपचा तक्ता पाठ करून घेतात, तोही उपयोगाचा आहे. पण तक्त्यातला आकडा तिथेच का, हे न सांगता तो पाठ करून घेणं मला आता आळशीपणाचं वाटतं.

काकांनी हे शांतपणे ऐकलं आणि मग मलाच घेरलं. "१६०१ माहीत आहे का?" म्हटलं, माहीत आहे काका, पॉलिस्टायरिन. ते खूश झाले. त्यांच्या काळातलं यंत्र ग्रेटिंगचं होतं. एकेक तरंगलांबी सरकत जायची, पेन कागदावर चालत राहायचं आणि एक स्पेक्ट्रम पूर्ण व्हायला काही मिनिटं जायची. पेन बरोबर जागी चालतंय ना, हे पाहायला पॉलिस्टायरिनची फिल्म लावायची आणि १६०१ चं पीक जागेवर आहे का बघायचं. गंमत म्हणजे आमच्या तिकडच्या लॅबमध्येही ती फिल्म पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली खणात असते. यंत्र मात्र पार बदललं. एफटीआयआरमध्ये आरसा पुढेमागे सरकतो, सगळ्या तरंगलांबी एकदम मोजल्या जातात आणि गणिताने त्या वेगळ्या काढल्या जातात. हे गणित झटपट करायची कूली आणि ट्युकी यांची पद्धत १९६५ ची, ती नसती तर हे यंत्र क्यूसीच्या टेबलावर आलंच नसतं. बाईंनी आम्हाला कच्चा इंटरफेरोग्राम, म्हणजे आरसा सरकताना नोंदलेला संकेत, देऊन त्यातून स्पेक्ट्रम स्वतः काढायला लावला होता.

"मग आरसा किती सरकला हे कोण मोजतं?" काकांचा पुढचा प्रश्न. हीलियम-निऑन लेसर, ६३२.८ नॅनोमीटर. "आणि लेसर खरं बोलतोय हे कोण बघतं?" निऑनच्या अणूतल्या पातळ्या, त्या कोणाच्या बापाला हलवता येत नाहीत. यावर काका हसले आणि म्हणाले, "बरं, फीचे पैसे अगदीच वाया गेले नाहीत."

एका गोष्टीत मात्र मी तिकडे सगळ्यांच्या पुढे होते, ते म्हणजे केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) पेलेट, म्हणजे पावडर दाबून केलेली चकती. अगेटच्या खलात एक मिलिग्रॅमच्या आसपास सॅम्पल आणि त्याच्या शेदोनशे पट पोटॅशियम ब्रोमाइड, हात हलका ठेवून घोटायचं, डायमध्ये (साच्यात) सारखं पसरायचं, आठ-दहा टनांचा दाब, आणि चकती आरपार दिसणारी निघाली पाहिजे. बडोद्याच्या जुलैत हे करून दाखवा. केबीआर हवेतलं पाणी ओढतं, चकती दुधी होते, ३४०० ला पाण्याचा डोंगर आणि १६४० ला त्याची पिल्लं. आम्ही पावडर ओव्हनमधून डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) आणि तिथून थेट डायमध्ये, मधे बोलायचंसुद्धा नाही, अशा शिस्तीत काम करायचो. मिडवेस्टच्या हिवाळ्यात हीटरमुळे खोलीची हवा इतकी कोरडी असते की चकत्या काचेसारख्या निघतात. वर्गातल्या मुलांनी पेलेट फक्त पुस्तकात पाहिली होती. सगळे एटीआरवर वाढलेले, म्हणजे प्रकाश हिऱ्याच्या आतून परावर्तित होताना सॅम्पलला स्पर्श करतो ती पद्धत: हिऱ्यावर चिमूटभर पावडर टाका, स्क्रू आवळा, झालं.

एटीआरबद्दल एक गोष्ट इथल्या क्यूसीवाल्यांनी लक्षात ठेवावी. त्यात प्रकाश सॅम्पलमध्ये किती खोल शिरतो हे तरंगलांबीवर ठरतं, खोली फार तर मायक्रॉन-दोन मायक्रॉन. वेव्हनंबर कमी होईल तशी ती वाढते. म्हणून एटीआरमध्ये उजवीकडची, म्हणजे कमी वेव्हनंबरची पीक पेलेटच्या मानाने उंच दिसतात आणि काही जागेवरून किंचित सरकतातही. पेलेटवर घेतलेल्या लायब्ररीशी एटीआरचा स्पेक्ट्रम ताडून पाहिला आणि जुळणीचा आकडा घसरला, तर दर वेळी मटेरियल खराब असतंच असं नाही. सॅम्पल आणि स्टँडर्ड एकाच पद्धतीने घ्या, असं फार्माकोपिया (औषधांच्या मानकांचा अधिकृत ग्रंथ) सांगतं ते उगीच नाही.

रामनवर मला जास्त लिहायचं होतं, पण तो विषय वेगळ्या लेखाचा. २८ फेब्रुवारी १९२८ ची गोष्ट आपण शाळेत दर वर्षी विज्ञान दिनाला ऐकली आहे. व्यवहारातली अडचण मात्र कोणी सांगत नाही: सॅम्पल जरा पिवळट-तपकिरी असलं की हिरव्या लेसरखाली ते स्वतःच चमकायला लागतं आणि रामनचा क्षीण संकेत त्यात बुडून जातो. मग ५३२ सोडून १०६४ नॅनोमीटरच्या लेसरवर जायचं. चमक जाते, पण संकेत तरंगलांबीच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणजे दुप्पट लांबीला सोळापट कमी. फुकट काहीच मिळत नाही. आज गोदामात पिशवी न फोडता कच्चा माल ओळखणारी जी हातातली यंत्रं आली आहेत, त्यांच्या मागे हीच ओढाताण आहे.

आता दुसरी बाजू. कोर्स उत्तम आहे, पण तिकडच्या मुलांना नोंद ठेवणं शिकवत नाही. पहिल्या रिपोर्टमध्ये माझ्या वहीत चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, बाजूला सही आणि तारीख बघून माझ्या बेंचवरच्या मुलाला वाटलं, ही काही धार्मिक प्रथा असावी. तो पेन्सिलने लिहायचा. ज्या कागदावर दुसऱ्या माणसाची तपासणीची सही नाही, त्या आकड्याला आमच्या इथे कोणी विचारत नव्हतं. तिथे हे बाळकडू कोणी पाजत नाही आणि पुढे कंपनीत गेल्यावर त्यांना ते जड जातं, हे तिथल्या सीनियर मंडळींनीच मला सांगितलं.

ज्यांना यायचंय त्यांनी एक ऐका. यंत्रं शिकायला म्हणून या कोर्सला येऊ नका, हिरमोड होईल. नवी यंत्रं बडोद्यातही भरपूर आहेत. या कोर्सला गणित लागतं. मॅट्रिक्स, आयगेनव्हॅल्यू, थोडं क्वांटम आणि ग्रूप थिअरी, म्हणजे सममितीचं गणित. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं गणित बीएस्सीतच सुटलेलं असतं, ते निघायच्या आधी धुळीतून बाहेर काढा. परीक्षा घरी नेऊन सोडवायची असते, पुस्तकं उघडी, आणि म्हणूनच ती अवघड. उत्तर पुस्तकात नसतं. पैशांचं म्हणाल तर पीएचडीला बहुतेकांना टीचिंग असिस्टंटशिप मिळते, फी माफ आणि खर्चापुरतं मानधन. ग्रेडची सरासरी बीच्या खाली गेली की मात्र ते धोक्यात येतं.

सध्या रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर एमएस्सीच्या दोघीजणी येतात. शेवउसळ आधी की ग्रूप थिअरी आधी, यावर दर वेळी वाद होतो आणि शेवउसळ जिंकते. पाण्याची तीन कंपनं आम्ही मागच्या खेपेला काढली: ३६५७, १५९५ आणि ३७५६, तिन्ही आयआरमध्येही दिसतात आणि रामनमध्येही. कॅरेक्टर टेबल, म्हणजे रेणूच्या सममितीचा तक्ता, कसं वाचायचं हे काकांनीही मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं. मध्येच म्हणाले, "हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!" मग स्वतःच पुढे म्हणाले, "पण बॅच तर तेव्हाही वेळेवर गेल्या." येत्या रविवारी अमोनिया आहे. ज्यांना यायचंय त्यांनी या, वही आणि खोडरबर घेऊन. माझ्याकडे पेन्सिल चालते, सही-तारखेची सक्ती नाही.