तुम्ही विचारलंत म्हणून : इतक्या ऑडिशन्समध्ये माझी उठून कशी दिसेल?

एकांकिका स्पर्धेचा निकाल लागल्यावर, नाट्यशिबिराच्या शेवटच्या दिवशी, कधी एखाद्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा तरुण कलाकार मला एकच प्रश्न विचारतात : आम्ही मोबाइलवर चित्रित करून पाठवतो ती ऑडिशन इतरांच्या गर्दीत उठून दिसावी, यासाठी काय करावे? मराठी मालिका आणि चित्रपटांसाठी कलाकार निवडण्याच्या कामात मी आहे, त्यामुळे या प्रश्नामागची तगमग मला ठाऊक आहे. माझे उत्तर असे की, उठून दिसण्यासाठी वरून काही जोडावे लागत नाही. समोरचे पात्र आपले कोण लागते, त्याच्याकडून आपल्याला काय हवे आहे आणि ते मिळाले नाही तर आपले काय बिघडणार आहे, एवढे ज्याने मनाशी पक्के केलेले असते, त्याची क्लिप पहिल्या काही सेकंदांतच वेगळी वाटू लागते.

एक साधा सीन घेऊ. मुलगी वडिलांना सांगते, ‘बाबा, मी पुण्याला जाणार नाही.’ पुढच्या ओळीत वडील आवाज चढवतात, म्हणून बहुतेक जणी हे वाक्य रागाने म्हणतात. राग चुकीचा नाही, पण तो कागद वाचणाऱ्या कोणालाही सुचतो. एखादी मुलगी मात्र आधी ठरवते की, बाबांनी तिच्या फीसाठी शेतावर कर्ज काढले आहे आणि ते तिला आजच कळले आहे. शब्द तेच राहतात; पण बोलण्याआधी ती थांबते, बाबा काय म्हणतील याची धास्ती तिच्या ऐकण्यात दिसते आणि समोरचा बोलत असतानाही तिच्या मनात काहीतरी चालू राहते. हे कर्ज संहितेत नसते. दिग्दर्शकाला हा अर्थ पटला नाही, तर तो दुसरा सुचवेल. मात्र ही मुलगी स्वतः विचार करू शकते आणि सांगितलेले आत घेऊ शकते, हे त्याला कळलेले असते, आणि पहिल्या फेरीत आम्ही नेमके तेच शोधत असतो. म्हणूनच दोन टेक पाठवायचे असतील, तर दुसऱ्यात पात्राची गरजच वेगळी धरून पाहावी. तोच टेक थोड्या वरच्या पट्टीत पुन्हा पाठवण्याने काही साधत नाही.

ऐकण्यावर मी इतका भर देते, याला कारण आहे. आमच्याकडे येणाऱ्या मराठी कलाकारांपैकी कितीतरी जण रंगभूमीवर घडलेले असतात. १९६३ पासून चालत आलेली महाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धा किंवा गावोगावच्या एकांकिका स्पर्धा यांतून ते आलेले असतात. पाठांतर, शिस्त, सहकलाकाराची कदर ही त्यांची कमाई मोठी आहे आणि मला तिच्याबद्दल आदर आहे. परंतु पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत पोहोचण्यासाठी कमावलेला आवाज आणि हातवारे चार-पाच फुटांवरच्या मोबाइलसमोर जसेच्या तसे आले, तर पाहणाऱ्याला माणूस दिसत नाही, प्रयोग दिसतो. यावर उपाय म्हणून अभिनय ‘कमी’ करावा, असे सांगितले जाते. ते मला मान्य नाही, कारण कमी करायला गेलेला नट अनेकदा आतूनही रिकामा होतो. तीव्रता तेवढीच ठेवावी, फक्त बोलावे समोरच्या एका माणसाशी. त्यासाठी क्यू देणारा, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्ये म्हणणारा, माणूस प्रत्यक्ष समोर हवा. आधी ध्वनिमुद्रित केलेले संवाद लावून त्यांच्या फटींमध्ये आपली वाक्ये बसवणारा कलाकार ऐकत नसून वाट पाहत असतो, आणि कॅमेऱ्याला ते लगेच कळते.

कलाकार चुकतात ती दुसरी जागा बोलीची. ग्रामीण भूमिका म्हटली की कुठल्याच तालुक्यात बोलली जात नाही अशी एक सरसकट ग्रामीण भाषा ऐकू येते. ‘व्हय’, ‘न्हाय’ आणि शेवटी लांबवलेला हेल एवढ्यावर ती उभी असते. कोल्हापूरची बोली वेगळी, सोलापूरची वेगळी; मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी आणि आगरी यांची तर प्रत्येकीची स्वतंत्र चाल आहे. भूमिकेची बोली आपली नसेल, तर त्या भागातल्या माणसाकडून संवाद म्हणवून घ्यावेत, आणि तेही शक्य नसेल तर सोंग न आणता सरळ बोलावे. याच्या उलट, अमरावतीची मुले स्वतःची ओळख करून देताना आपली वऱ्हाडी दडवतात, तेव्हा मला फार वाईट वाटते. जी गोष्ट त्यांच्याकडे आहे आणि इतरांकडे नाही, तीच ती लपवत असतात.

चित्रीकरणाच्या सूचना आता सर्वांना ठाऊक असतात, तरी त्या पाळल्या जात नाहीत म्हणून थोडक्यात सांगते. मोबाइल आडवा ठेवावा, स्टँड नसेल तर पुस्तकांच्या चळतीवर, पण डोळ्यांच्या उंचीवर. प्रकाश समोरच्या खिडकीतून चेहऱ्यावर यावा. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळवंडतो. पंखा बंद करावा. क्यू देणाऱ्याने लेन्सला अगदी लागून उभे राहावे आणि हळू बोलावे, कारण माइक त्याच्या जवळ असतो. पार्श्वसंगीत, फिल्टर, नावाची झळकती पाटी यांतले काहीही नको. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो दबून धूसर होत नाही. पोशाख सुचवणारा असला की पुरे. पोलिसाच्या भूमिकेसाठी भाड्याची वर्दी आणू नये. भूमिका साडीतली असेल तर साडी मात्र जरूर नेसावी, कारण तिने चालणे आणि बसणे खरोखरच बदलते.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे इंट्रो, कॅमेऱ्यासमोर करून दिलेली स्वतःची ओळख. नाव, वय, उंची, राहण्याचे गाव, भाषा, मग डावा-उजवा प्रोफाइल म्हणजे चेहऱ्याच्या दोन्ही बाजू, हे सारे गळ्यात दोरी बांधल्यासारख्या आवाजात उरकले जाते. पात्र बाजूला ठेवून माणूस पाहण्याची आम्हाला तेवढीच संधी असते, म्हणून ती मोकळेपणाने घ्यावी. वय खरे सांगावे, फोटो आजच्या केसांचे आणि आजच्या वजनाचे असावेत. ऐतिहासिक मालिकांसाठी घोडेस्वारी किंवा दांडपट्टा येतो का, असे विचारले जाते. येत नसेल तर नाही म्हणावे. खोट्या होकाराने प्रत्यक्ष चित्रीकरणात कलाकाराला इजा होऊ शकते.

इतके करूनही नकार येतो, आणि बहुधा उत्तरच येत नाही. कलाकाराला ताटकळत ठेवणे मला योग्य वाटत नाही, पण यातले कित्येक नकार अभिनयाला नसतात. आई आधीच ठरलेली असते आणि मुलगी तिच्यासारखी दिसत नाही, नायकाची उंची कमी असते, वाहिनीला ओळखीचा चेहरा हवा असतो. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते : नोंदणी, कार्ड किंवा ‘भूमिका पक्की’ करण्यासाठी जो पैसे मागतो, तो काम देणारा नसतो. घरच्यांनी साठवलेले पैसे अशांच्या हाती गेलेले मी पाहिले आहेत.

क्लिप आमच्याकडून दिग्दर्शकाकडे, तिथून निर्मात्याकडे आणि पुढे वाहिनीकडे जाते, आणि सोबतचा तुमचा संदेश पहिल्याच टप्प्यावर मागे राहतो. त्यामुळे फाइलच्या नावातच स्वतःचे नाव, भूमिका आणि फोन क्रमांक घालावा. चांगली क्लिप त्या भूमिकेसाठी निवडली गेली नाही, तरी आम्ही ती जपून ठेवतो आणि दुसरी भूमिका आली की पुन्हा उघडतो. तोवर तुमचा क्रमांक बदलला असेल, तर नवा क्रमांक आम्हाला आवर्जून कळवा.