घारापुरी अर्ध्या दिवसात होत नाही

मुंबई बघायला येणाऱ्यांना बहुतेक वेळा एकच बेत आखून मिळतो: सकाळी घारापुरी, दुपारी म्युझियम, रात्री नाटक. कागदावर तो छान बसतो. प्रत्यक्षात सकाळ गेटवेच्या धक्क्यावर आणि लाँचमध्ये जाते, आणि ज्यासाठी एवढा खटाटोप त्या सदाशिवासमोर, म्हणजे त्रिमूर्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीन चेहऱ्यांच्या शिवासमोर, जेमतेम दहा मिनिटं मिळतात. सहाव्या शतकातलं, 1987 पासून जागतिक वारसा असलेलं हे लेणं लोक धावत बघून परततात, याचं फार वाईट वाटतं.

वेळेचा हिशेब असा. पहिली लाँच नऊच्या सुमारास सुटते, पण भरल्याशिवाय हलत नाही. समुद्रात एक तास. उतरल्यावर लांब धक्का, मग 120 च्या आसपास पायऱ्या, मग तिकिटाची रांग. लेण्यात पाय ठेवायला साडेदहा-पावणेअकरा होतात. नीट बघायला दीड ते दोन तास हवेतच. परतीच्या लाँचलाही रांग असते, शनिवार-रविवारी तर फारच. गेटवेला परत लागायला अडीच-तीन वाजतात, तेही सगळं सुरळीत झालं तर. अकराची लाँच पकडलीत तर दिवस हातातून गेलाच म्हणून समजा. सोमवारी लेणी बंद असतात. तरीही त्या दिवशी गेटवेवर ‘चला, एलिफंटा’ म्हणणारा कोणीतरी भेटू शकतो, आणि माणसं बेटावर जाऊन बंद दार बघून येतात.

सगळ्यात वाईट टप्पा म्हणजे गेटवे ते पहिली पायरी. तिथेच पैसे सुटतात. तिकीट फक्त खिडकीवर घ्या, दर तिथे लावलेला असतो आणि त्यात येणं-जाणं दोन्ही धरलेलं असतं. वाटेत अडवून ‘डिलक्स’ म्हणून जे विकतात ती बहुधा तीच लाँच असते. वरच्या डेकवर बसायचे लाँचवर वेगळे पैसे मागतात. ते द्यायची गरज नाही: ऑक्टोबर ते मे वर रणरणतं ऊन असतं आणि खाली सावलीत वारा चांगला लागतो. परतीचा तुकडा जपून ठेवा. तो हरवला तर पुन्हा पैसे मोजावे लागतात. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला. 18 डिसेंबर 2024 ला याच मार्गावर झालेल्या अपघातानंतर त्यात कसलाही संकोच नको. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर शेवाळ असतं, आणि कधी एका लाँचमधून दुसरीत पाय टाकून जावं लागतं. गुळगुळीत तळाच्या चपला घालून इथे येऊ नका. भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवा.

बेटावर उतरल्यावर छोटी गाडी उभी असते. तिच्या रांगेत जेवढा वेळ जातो तेवढ्यात धक्का चालून संपतो. ग्रामपंचायतीचा किरकोळ कर वेगळा आणि पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं. दुसरं भारतीयांना 40 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना मोफत. पायऱ्यांवर दोन्हीकडे दुकानं आणि वर ताडपत्री, त्यामुळे ऊन लागत नाही, पण दम लागतो. डोली करायची असेल तर चढ-उतार दोन्हीचा भाव आधी ठरवून मगच बसा. खाण्याची पिशवी उघडी दिसली की माकडं ती ओढतात, पाण्याची बाटलीसुद्धा.

गाइड घ्यायचा असेल तर त्याला आधी विचारा की अंधकासुरवध, म्हणजे शिव अंधकासुराला मारतो ते शिल्प, कुठे आहे. तो त्रिमूर्तीकडेच बोट दाखवू लागला तर पैसे वाचवा. पहिल्या लेण्यात उत्तरेकडून शिरताच डावीकडे योगीश्वर आणि उजवीकडे नटराज आहे. बहुतेक लोक दोघांनाही ओलांडून थेट आत जातात. तसं करू नका. आधी पश्चिमेला लिंगाच्या गाभाऱ्याकडे जा: चारही दारांवर द्वारपाल, आणि त्याच्या बाजूला एकमेकांसमोर अंधकासुरवध व कल्याणसुंदर. एकाच देवाचा संताप आणि त्याचं पार्वतीशी लग्न समोरासमोर कोरलेलं आहे. मग पूर्वेला कैलास हलवणारा रावण बघा. सदाशिव शेवटी. तोवर डोळे अंधाराला सरावलेले असतात आणि सुमारे 5.5 मीटर उंचीचे ते तीन चेहरे वेगवेगळे दिसू लागतात: डावीकडे उग्र अघोर, मध्ये शांत तत्पुरुष, उजवीकडे कोवळा वामदेव. दोन्ही बाजूंचे अर्धनारीश्वर आणि गंगाधर चुकवू नका. बाकीची लेणी अपुरी किंवा पडझड झालेली आहेत, पंधरा मिनिटं पुरतात. तोफांची टेकडी वेळ उरला तरच.

बेतातलं म्युझियम काळा घोडा भागात आहे, त्याचं सोपं आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सोमवारीही उघडं असतं, म्हणून सोमवार तिथे घालवा. जहांगीर गॅलरी शेजारीच आणि फुकट. समोरची राष्ट्रीय आधुनिक कला दालनाची इमारत मात्र सोमवारी बंद. नाटक घारापुरीच्या दिवशी ठेवू नका, दुसऱ्या अंकात झोप येते. जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये उशिरा आलेल्यांना आत सोडत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तो दगडी हत्ती बेटावर नाही. 1864 मध्ये इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात तो फुटला, आणि तुकडे जोडून आज भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं. संग्रहालय आणि शेजारची जिजामाता बाग, दोन्ही बुधवारी बंद असतात. तेव्हा घारापुरी मंगळवारी केली तर हत्ती गुरुवारी ठेवा.